उन्हात बंद पडणारी पद्मिनी

वाचकांचे प्रश्न : जुनी वाहने

या वेळच्या सदरात एकाच विषयावरची तीन पत्रे घेतली आहेत. पहिल्या पत्राला टपालाने उत्तर पाठवले होते. त्याप्रमाणे चाचण्या करून संबंधित वाचकांनी पुन्हा सविस्तर लिहिले, म्हणून तो पत्रव्यवहार त्यांच्या संमतीने सलग देत आहे. उन्हाळ्यात खान्देशातून येणाऱ्या पत्रांपैकी निम्मी तरी याच तक्रारीची असतात, त्यामुळे या प्रश्नाला जागा थोडी अधिक दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी जपलेली १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तिची काहीही तक्रार नसते. मात्र एप्रिलच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत, दुपारी बारा ते चारच्या दरम्यान, ती रस्त्यात बंद पडते. यंदा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी बहिणीला चोपड्याहून माहेरी आणताना यावलच्या पुढे ती दोनदा बंद पडली आणि दोन लहान मुलांना घेऊन आम्ही केळीच्या बागेच्या कडेला पाऊण तास उभे होतो. बंद पडण्यापूर्वी गाडी झटके खाते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी वेग घेत नाही आणि मग हळूहळू विझते. अर्धा तास थांबले की काही झालेच नव्हते अशा थाटात सुरू होते. पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावरच असतो. आतापर्यंत ठिणगी पाडणारे पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल बदलली, एसी पंपाचे (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचे) किट टाकले, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बुरेटर दोनदा खोलून साफ केला. आता मिस्त्री म्हणतात की इंजिन बोअर करावे लागेल, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून घ्यावे लागतील. काय करावे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : इंजिन बोअर करू नका, हे सर्वांत आधी सांगतो. झिजलेले सिलिंडर अर्धा तास सावलीत उभे राहिल्याने भरून येत नाहीत. जो दोष गाडी थंड होताच पूर्णपणे नाहीसा होतो, तो उष्णतेने बदलणाऱ्या एखाद्या वस्तूत असला पाहिजे आणि अशा वस्तू मोजक्याच आहेत : पेट्रोल, पेट्रोलचे रबरी होज, पंपाचा पडदा, कॉइल, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटरमधील (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागातील) एखादी कच्ची जोडणी. आपला शोध एवढ्यापुरताच मर्यादित ठेवावा.

आपल्या मिस्त्रींना मी दोष देणार नाही. गाडी त्यांच्यापर्यंत पोहोचते ती थंड होऊन आणि चालू स्थितीत. ज्या क्षणी दोष हजर असतो, त्या क्षणी तेथे फक्त आपण असता. म्हणून या आजाराचे निदान गॅरेजात होत नाही, ते रस्त्याच्या कडेलाच करावे लागते आणि तेही गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच मिनिटांत. ती मिनिटे आपण आजवर वाट पाहण्यात घालवली. यापुढे ती पाहणीसाठी वापरावीत, एवढेच माझे या पत्रातील मुख्य सांगणे आहे. सुटे भाग बदलत राहिल्याने पैसा तर जातोच. शिवाय चांगला जुना भाग जाऊन त्या जागी कमी प्रतीचा नवा भाग येतो आणि मूळ दोषात दुसऱ्या दोषाची भर पडते.

आपल्या पत्रातील एक वाक्य मला फार मोलाचे वाटले. गाडी ‘झटके खाते आणि हळूहळू विझते’ असे आपण लिहिले आहे. ठिणगी गेली तर गाडी बहुधा अशी विझत नाही, चावी फिरवून बंद करावी तशी एकदम तुटते. पेट्रोल कमी पडू लागले, तर कार्बुरेटरच्या वाटीतील साठा संपेपर्यंत इंजिन कसेबसे चालते, मिसिंग करते, झटके देते आणि मग थांबते. हा नियम शंभर टक्के खरा नाही, कारण तापलेला कंडेन्सरही कधी कधी अडखळत अडखळत जीव सोडतो. पण संशयाची पहिली सुई पेट्रोलकडे वळवण्यास एवढे पुरेसे आहे. पाण्याचा काटा मध्यावर आहे, म्हणजे रेडिएटर आपले काम करतो आहे. इंजिनातील पाणी उकळणे आणि नळीतील पेट्रोल उकळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काट्याला फक्त पहिली समजते.

पेट्रोल हा एकच द्रव नसून अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात आणि जड घटक २०० अंशांच्या आसपास जाऊन संपतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, डांबरी रस्ता त्याहून कितीतरी अधिक तापतो आणि बोनेटखाली, विशेषतः गाडी उभी केल्यावर, हवा आणखी तापते. पद्मिनीची टाकी मागे आणि पंप पुढे इंजिनाच्या अंगावर असतो. तो पंप गाडीच्या जवळजवळ पूर्ण लांबीचा पाइप ओलांडून पेट्रोल शोषून घेतो. शोषताना पाइपातील दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की कोणताही द्रव आणखी कमी तापमानाला उकळतो. म्हणजे ज्या पाइपात पेट्रोल आधीच उकळण्याच्या बेतात आहे, नेमक्या त्याच पाइपात आपण त्याचे उकळणे सोपे करून देतो.

पुढे काय होते, हे विहिरीवर मोटार असलेल्या कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. फुटव्हॉल्व्ह गळू लागला की पंप हवा धरतो. मोटार फिरत राहते, पण पाणी येत नाही. येथे हवेच्या जागी पेट्रोलची वाफ असते. पंपाचा पडदा वरखाली होत राहतो, पण वाफ दाबली की आकसते आणि सोडली की पसरते, त्यामुळे पंपाचे व्हॉल्व्ह नीट उघडतच नाहीत आणि कार्बुरेटरकडे थेंबही जात नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात.

आता चाचण्यांकडे वळू. चाचण्यांचा क्रम बदलू नये, कारण त्यात सुरक्षिततेचा प्रश्न आहे. गाडीत एक जादा स्पार्क प्लग, प्लास्टिकची झाकणाची बाटली, सुती फडके, पाच लिटर पाणी आणि पावडरचा अग्निशामक ठेवावा. गाडी बंद पडताच ती रस्त्याच्या कडेला घेऊन प्रथम ठिणगी तपासावी, पेट्रोलचा कोणताही जोड त्याआधी उघडू नये. एका प्लगची वायर काढून ती जादा प्लगला लावावी, प्लगचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकेल असा अडकवावा, हात दूर ठेवावेत आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारण्यास सांगावे. ठिणगी निळसर, जाड आणि ‘टक टक’ असा कोरडा आवाज करणारी असेल, तर पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल हे तिन्ही त्या क्षणापुरते निर्दोष आहेत. ती पिवळसर, बारीक आणि मध्येच चुकणारी असेल, तर पेट्रोलचा विचार तेथेच थांबवावा. दुपारच्या उन्हात ठिणगी नीट दिसत नाही, म्हणून प्लगवर फडक्याची सावली धरावी.

ठिणगी चांगली आढळली तर टाकीचे झाकण हळूच उघडून कान द्यावा. आत हवा शिरल्याचा ‘सूं’ असा आवाज आला, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे. जसजसे पेट्रोल संपते तसतशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. हा दोष उन्हाळ्याचा नाही, तरी थांबल्यावर गाडी सुरू होत असल्याने तो उष्णतेचा भासतो. दोन रुपयांचेही सामान न लागणारा हा दोष मी अनेक गाड्यांत पाहिला आहे, म्हणून तो आधी बाद करून टाकावा.

त्यानंतर कार्बुरेटरकडे जाणारा पाइप सोडवून त्याचे तोंड बाटलीत धरावे, कॉइलची बारीक वायर काढून ठेवावी म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि सेल्फ मारावा. पंप ठीक असेल तर प्रत्येक ठोक्याला पेट्रोलची जोरदार पिचकारी येते. नुसता फेस किंवा वाफ आली, तर निदान जवळजवळ झाले. हा जोड उघडताना इंजिन तापलेले असते, म्हणून खाली फडके धरावे, बाटली भरताच झाकण लावून ती दूर नेऊन ठेवावी आणि आसपास कोणालाही विडी-सिगारेट ओढू देऊ नये. कार्बुरेटरच्या तोंडात वरून पेट्रोल पाजून गाडी सुरू करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तिच्यामुळे बोनेटखाली भडका उडालेला मी स्वतः पाहिला आहे. ती पद्धत कधीही वापरू नये.

शेवटची चाचणी ओल्या फडक्याची. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकत, ते योग्यच करीत. मात्र त्याचा उपयोग उपचारापेक्षा निदानासाठी अधिक आहे. एका वेळी एकाच वस्तूवर फडके ठेवावे. पंपावर ठेवल्यावर अर्ध्या तासाऐवजी तीन-चार मिनिटांत गाडी सुरू झाली, तर दोष पंपात किंवा त्याच्या आगेमागे आहे. पुढच्या वेळी तेच कॉइलच्या डब्यावर ठेवून पाहावे, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला पाणी लागू देऊ नये. दोन्हींवर एकदम फडके टाकले तर गाडी सुरू होईल, पण आपल्याला कळणार काहीच नाही. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी मात्र ओतू नये, त्याने ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो.

पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर बसवून घ्यावा आणि एक वही ठेवावी. किती वाजता, किती किलोमीटर गेल्यावर, चालताना की थांबून पुन्हा निघाल्यावर, टाकीत किती पेट्रोल असताना, एवढे प्रत्येक वेळी लिहावे. तीन-चार नोंदी झाल्या की मला कळवावे.

भुसावळच्या वाचकांचे दुसरे पत्र : आपल्या सांगण्याप्रमाणे नोंदी ठेवल्या. पंधरा दिवसांत गाडी चार वेळा बंद पडली. चारही वेळा ठिणगी निळी आणि कडक होती. टाकीच्या झाकणातून आवाज आला नाही आणि झाकण सैल ठेवल्यानेही फरक पडला नाही. पाइपातून एकदा फेस आला आणि एकदा काहीच आले नाही. पंपावर ओले फडके ठेवल्यावर पहिल्यांदा पाच मिनिटांत गाडी सुरू झाली, पण अर्धा किलोमीटर जाऊन पुन्हा थांबली. झटके सुरू होताच बोनेट उघडून पाहिले, तर पारदर्शक फिल्टर जवळजवळ रिकामा होता. तळाशी बोटभर पेट्रोल आणि टाकीच्या बाजूने त्यात सारखे बुडबुडे येत होते. चारपैकी तीन वेळा टाकी पाव भागाहून कमी भरलेली होती. गाडीच्या खाली अजून पाहिलेले नाही.

उत्तर : इतक्या काळजीपूर्वक केलेल्या नोंदी मला क्वचितच वाचायला मिळतात. त्यांवरून पुष्कळ गोष्टी ठरतात. ठिणगी चारही वेळा चांगली, म्हणजे बदललेली कॉइल आणि कंडेन्सर यांचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. फडक्याने गाडी सुरू झाली, पण टिकली नाही. म्हणजे पंप तापतो हे खरे असले तरी तो मूळ दोषी नाही. बुडबुडे फिल्टरमध्ये टाकीच्या बाजूने येत आहेत, म्हणजे पेट्रोल पंपापर्यंत पोहोचण्याच्या आधीच बिघडते आहे. आता टाकी ते फिल्टर एवढाच पाइप पाहायचा उरला.

बुडबुडे दोन प्रकारचे असू शकतात : पेट्रोलची वाफ किंवा बाहेरून शिरणारी हवा. शोषण्याच्या बाजूच्या होजला चीर पडली तर तेथून पेट्रोल गळतेच असे नाही, कारण आत दाब नसून ओढ असते. ती चीर हवा आत घेते आणि जमिनीवर ओलसुद्धा दिसत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी दोन उन्हाळे याच चुकीत घालवले. पंप बदलला, पुन्हा बदलला, कार्बुरेटर तपासला आणि अखेर दोष निघाला टाकीच्या तोंडाशी असलेल्या चार इंची रबरी होजमध्ये. थंड असताना तो कडक आणि घट्ट असे. तापला की मऊ पडून क्लिपच्या कडेला त्याची चीर उघडे आणि आतून तो चपटाही होई. हाताने वाकवून पाहिला तेव्हा वाळलेल्या शेंगेवर पडतात तशा बारीक भेगा त्याच्या पाठीवर दिसल्या.

म्हणून भुसावळच्या या वाचकांना दोन गोष्टी पाहण्यास सांगितल्या होत्या : टाकीजवळचा होज वाकवून पाहणे आणि गाडी गॅरेजातील खड्ड्यावर घेऊन पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या पाइपापासून किती दूर आहे ते मोजणे. हा मजकूर छपाईला जाण्याआधी त्यांचा निरोप आला. होजला भेगा होत्याच. शिवाय मागे कधीतरी सायलेन्सर बदलताना पेट्रोलच्या पाइपाच्या दोन क्लिपा काढून टाकण्यात आल्या होत्या, पाइप बारीक तारेने बांधून ठेवला होता आणि तो लोंबकळून सुमारे वीतभर लांबीपर्यंत सायलेन्सरच्या पाइपापासून बोटाच्या अंतरावर आला होता. त्या जागी पाइपावरचा रंग भाजून तपकिरी झाला होता. हिवाळ्यात तेवढी ऊब पेट्रोलला सोसत असे, पण मे महिन्यात आधीच तापून आलेल्या पेट्रोलला तेवढीच पुरेशी होती. टाकी रिकामी असताना त्रास अधिक का, याचेही उत्तर यातच आहे : थोडे पेट्रोल लवकर तापते आणि टाकीतच उकळण्याच्या जवळ पोहोचते.

दुरुस्ती खर्चिक नाही. पाइप मूळ जागी नव्या क्लिपांनी बसवावा, सायलेन्सरपासून तो किमान दोन इंच दूर राहील असे पाहावे आणि जेथे ते शक्य नसेल तेथे मध्ये पत्र्याची आड लावावी. हा पत्रा दोघांपैकी कोणालाही टेकू देऊ नये, नाही तर तोच उष्णता पोहोचवील. होजचे सर्व तुकडे एकदम बदलावेत आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना लागतो त्या प्रतीचा, इथेनॉल सोसणारा होज मागून घ्यावा. पंप व इंजिन यांच्यामधील, तसेच कार्बुरेटरच्या पायाखालील जाड उष्णतारोधक पॅकिंग मूळचेच आहे की कोणी कागदी गॅस्केट लावून काम भागवले आहे, तेही पाहावे.

इथेनॉलचा उल्लेख केला, त्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण जुन्या गाड्यांच्या मालकांना यापुढे तो विषय टाळता येणार नाही. २०२५ पासून आपल्याकडे बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध इथेनॉल सुमारे ७८ अंशांना उकळते, त्यामुळे ते मिसळल्यावर उकळण्याचा त्रास कमी व्हावा असे कोणालाही वाटेल; प्रत्यक्षात पेट्रोलमध्ये मिसळल्यावर ते त्यातील हलक्या घटकांना बाहेर पडायला मदत करते आणि मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो, म्हणजे त्याची वाफ लवकर होते. इथेनॉलच्या अंगी प्राणवायू असल्याने जुन्या जेटवर (कार्बुरेटरमधील पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर) इंजिनाला मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, असे मिळते आणि इंजिन अधिक तापते. जुन्या प्रतीचे रबर त्यात फुगते किंवा मऊ पडते. इथेनॉल हवेतील ओलावाही धरते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साचून गंज धरू शकतो. म्हणून होज आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे असणे ही आता हौसेची बाब राहिलेली नाही. प्लगचा रंग पांढरट दिसत असेल तर मुख्य जेट एक पायरी मोठा करण्याचा विचार करावा, पण तो प्लगचा रंग वाचता येणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावा.

एवढे करूनही भर दुपारी त्रास राहिला, तर टाकीजवळ कमी दाबाचा विजेचा पंप बसवणे हा खात्रीचा उपाय आहे. तो पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो, पाइपातील दाब वाढतो आणि वाफ होणे लांबते. मात्र कार्बुरेटरच्या गाडीला दर चौरस इंचाला दोन-तीन पौंडांपेक्षा अधिक दाब देऊ नये. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावल्यास कार्बुरेटरची सुई तो दाब अडवू शकत नाही आणि पेट्रोल बाहेर वाहते. इंजिन थांबले किंवा अपघात झाला तर पंपाचा वीजपुरवठा आपोआप तुटेल अशी सोय केल्याखेरीज हा पंप बसवू नये.

प्रश्न : माझी १९७६ सालची अँबेसेडर मार्क थ्री पेट्रोलवर आहे. धुळ्याहून मालेगावकडे जाताना लळिंगचा घाट चढताना ती दुपारी एकदम बंद पडते. झटके नाहीत, काही नाही. चावी काढल्यासारखी थांबते. वीस मिनिटांनी सुरू होते. गेल्या हिवाळ्यात नवी कॉइल टाकली, तेव्हापासून पॉइंटही लवकर काळे पडतात. वर दिलेले उपायच लागू होतील का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. लक्षणांत थोडासा फरक असला तरी निदान पार बदलते, याचे आपले पत्र उत्तम उदाहरण आहे. अँबेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनात कार्बुरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) वरच बसलेला असतो, त्यामुळे पेट्रोल उकळण्याचा धोका तिलाही आहेच. पण आपली गाडी विझत नाही, तुटते, आणि हे नवी कॉइल बसवल्यापासून सुरू झाले. माझा पहिला संशय कॉइलवर आहे. ती सदोषच असेल असे नाही, ती या गाडीला चुकीची असण्याचा संभव अधिक आहे.

कॉइली दोन प्रकारच्या मिळतात. सरळ १२ व्होल्टवर चालणाऱ्या कॉइलच्या प्राथमिक वेढ्याचा रोध साधारण ३ ओम असतो. दुसऱ्या प्रकारच्या कॉइलचा रोध त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे सुमारे १.५ ओम असतो आणि तिच्या वाटेत वेगळा रेझिस्टर लावावा लागतो. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारची कॉइल रेझिस्टरशिवाय जोडली, तर तिच्यातून जवळजवळ दुप्पट प्रवाह वाहतो आणि तेवढीच अधिक उष्णता निर्माण होते. हिवाळ्यात ती सोसते, उन्हाळ्यात घाटात आतील वेढा प्रसरण पावून तुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. तोच जादा प्रवाह पॉइंटवरून जात असल्यामुळे ते काळे पडतात.

हे पडताळणे सोपे आहे. कॉइलच्या दोन्ही बाजूंच्या बारीक वायरी काढून मल्टिमीटरने दोन खुंट्यांमधील रोध मोजावा. ३ ओमच्या आसपास आला तर कॉइल योग्य आहे, १.५ च्या जवळ आला तर बदलावी किंवा रेझिस्टर लावावा. गाडी बंद पडल्यावर लगेच पुन्हा मोजावा. तापलेल्या कॉइलचा रोध अनंत दाखवला तर शंकेला जागाच उरत नाही. चालू गाडीची कॉइल कोमट ते गरम असणे स्वाभाविक आहे, पण डब्यावर तळहात क्षणभरही टेकवता येत नसेल तर तो स्पष्ट इशारा समजावा. इंजिन बंद ठेवून चावी चालू राहिल्यानेही कॉइल भाजते, म्हणून रेडिओ ऐकत बसण्याची सवय असल्यास ती सोडावी.

कॉइल निर्दोष ठरली, तर डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून पॉइंटच्या प्लेटला जाणारी बारीक लवचिक वायर चिमटीत धरून हलक्या हाताने ओढून पाहावी. व्हॅक्युमने (इंजिनाच्या शोषणाने) प्लेट पुढेमागे फिरत राहते आणि वर्षानुवर्षांच्या त्या हालचालीने तार कापडी आवरणाच्या आत तुटते. बाहेरून ती अखंड दिसते, ओढली की आवरण ताणले जाते. घाटात अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना प्लेट एका विशिष्ट जागी येते आणि नेमका तेथेच जोड सुटतो. ही तार बदलताना साधी जाड वायर घालू नये. अनेक बारीक तारांची, मऊ वायरच घालावी.

प्रश्न : उन्हाळ्यात पेट्रोलमध्ये थोडे रॉकेल मिसळले की जुनी गाडी बंद पडत नाही, असे आमच्याकडे सांगतात. हे करावे का? आणि थांबून पुन्हा सुरू करताना माझी पद्मिनी फार त्रास देते, त्यावर काही उपाय आहे का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : रॉकेल मिसळू नये. ते पेट्रोलपेक्षा उशिरा उडून जाते, एवढ्यापुरते त्या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्याने ऑक्टेन (ठोके न देता जळण्याची क्षमता) उतरतो, चढावर इंजिन ठोके देऊ लागते, न जळलेले रॉकेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते आणि तेल पातळ होते. उन्हाळ्यापुरता केलेला हा उपाय पिस्टन आणि बेअरिंगांवर बेततो.

आपला दुसरा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. गाडी चालू असेपर्यंत पंख्याची हवा आणि टाकीतून येणारे ताजे पेट्रोल कार्बुरेटरला थोडे थंड ठेवतात. इंजिन बंद होताच दोन्ही थांबतात आणि इंजिनाची साठलेली उष्णता वर चढून वाटीतील पेट्रोल उकळवते. ते उकळून इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीत) सांडते, म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला की गाडीला पेट्रोल कमी पडत नाही, उलट ते जास्त झालेले असते. अशा वेळी चोक मुळीच ओढू नये आणि अ‍ॅक्सिलरेटर पंपासारखा वरखाली मारू नये. तो एकदाच जमिनीपर्यंत दाबून तसाच धरावा आणि सेल्फ मारावा, म्हणजे भरपूर हवा जाऊन साचलेले पेट्रोल निघून जाते. इंजिन पेटताच पाय हळूहळू वर घ्यावा.

लांबून आल्यावर गाडी लगेच बंद न करता सावलीत मिनिट-दोन मिनिटे मंद चालू द्यावी आणि बंद केल्यावर बोनेट थोडे उघडे ठेवावे. उन्हाळाभर टाकी निम्म्याहून अधिक भरलेली ठेवावी. वाटीतील पेट्रोलची पातळी ठरलेल्यापेक्षा उंच असेल तर सांडणेही अधिक होते, म्हणून फ्लोट (ही पातळी राखणारा वाटीतील तरंगता भाग) एकदा मोजून घ्यावा. नंदुरबारहून तोरणमाळकडे जाणार असाल, तर घाट सकाळी नऊच्या आत चढावा.